पांढरा पडलेला पियानो

निकिताने इगतपुरीच्या एका बंद बंगल्यातून जुना पियानो विकत आणला, तेव्हा सगळ्यात जास्त खूश झाले ते तिचे सासरे गोरक्ष. सातपूरच्या कारखान्यात त्यांचा जन्म रंगकामात गेला होता. निवृत्तीनंतर हात नुसते शिवशिवायचे.

"घासून काढतो आणि काळा रंग मारतो. आरसा होईल आरसा!"

"आधी पुसून तर बघू, बाबा," निकिता म्हणाली. सोसायटीतल्या मुलांना तिला त्यावर शिकवायचं होतं.

घट्ट पिळलेल्या फडक्याने वर्षानुवर्षांचा मळ निघाला. मागच्या कोपऱ्यात गोरक्षांनी स्पिरिटचा बोळा टेकवला, तर त्याला तांबूस रंग लागला. स्पिरिटमध्ये विरघळणारं जुनं लाखेचं पॉलिश होतं ते, आणि खाली सागवानाच्या सुरेख रेषा. काळ्या रंगाचा विषय त्यांनी आपणहून सोडला.

मग रोज सकाळी दोघं बसू लागली. ती खाचाखोचा साफ करायची, ते कापडाच्या बोळ्याने गोल गोल हात फिरवत पॉलिशचे पातळ थर द्यायचे. फक्त वरचं झाकण राहिलं.

एके दिवशी निकिता बाहेर गेली होती. ती यायच्या आत झाकण करून तिला चकित करावं, असं गोरक्षांच्या मनात आलं. बाहेर धो धो पाऊस होता. त्यांनी पॉलिशचा हात मारला आणि बघता बघता झाकण ताक सांडल्यासारखं पांढरं पडलं.

निकिता आली तेव्हा ते मान खाली घालून बसले होते.

"पॉलिशने हवेतली ओल धरली. कारखान्यातही व्हायचं असं. माहीत असून घाई केली मी."

"मग तिथे काय करायचात?"

"थांबायचो. हवा कोरडी होईपर्यंत."

"मग आपणही थांबू की," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. गोरक्षांना एकदम हलकं वाटलं.

चार दिवसांनी लख्ख ऊन पडलं. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा त्यांनी फुंकर घातल्यासारखा झाकणावरून फिरवला. पांढुरकेपणा विरला, आणि मधासारखा रंग वर आला.

"बसा आता, वाजवा," निकिताने स्टूल पुढे ओढलं.

गोरक्षांनी बिचकत एक पट्टी दाबली. "बेसूर आहे ना गं?"

"आहे. सूर लावणारा पुढच्या आठवड्यात येणार आहे."

"मग तोवर बेसूरच वाजवतो," म्हणत त्यांनी दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.