पिवळं धरलेली चांदी

साहेब, तुम्ही नवसाबाईला चोर म्हणालात. दबक्या आवाजात नाही, कुणाच्या कानात नाही. देवळाली कॅम्पातल्या बंगल्याच्या ओसरीवर उभं राहून, माळी, दूधवाला, शेजारचे सुभेदार आणि त्यांची मंडळी ऐकत असताना म्हणालात. पुरावा काय, तर ताटल्या पांढऱ्या झाल्या! ट्रस्टचं पद मिळालं की समोरच्याचं ऐकून घ्यावं लागत नाही, असा काही नियम आहे का तुमच्यात? मग आता ऐका, काय झालं ते.

बंगला पेरीनबाईंचा. एकटी पारशी म्हातारी, उन्हाळ्यात गेली. मागे कुणी नाही, म्हणून घर आणि आतलं सामान ट्रस्टकडे आलं, आणि ट्रस्टकडून आले साहेब. नवसाबाई भगूरची. लग्न होऊन आली तेव्हापासून याच घरात राबलेली, गळ्यात तुळशीची माळ, तोंडाने फटकळ.

तिची सून सविता घरी मशीनवर ब्लाउज शिवत होती तेव्हा माळ्याचा फोन आला.

"वहिनी, लवकर या. म्हातारीला बसवून ठेवलंय. सोनं चोरलं म्हणतायत. पोलिसांना बोलावणार."

सविता होती तशी रिक्षात बसली. वाटेत तिला पोलिसांची भीती कमी आणि एका आठवणीची जास्त वाटत होती. तिच्या लग्नात सासूने मंगळसूत्रात सोन्याच्या दोन वाट्या ओवल्या होत्या. सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले, घरात खायचे वांधे. सोनं आलं कुठून हे तिने विचारलं नाही आणि सासूने सांगितलं नाही. रिक्षात तिने त्या वाट्या मुठीत धरल्या. मग पदराआड ढकलल्या. आपल्या मनात असं यावं याची तिला लाज वाटली, पण आलेलं काही जाईना.

जेवणाच्या टेबलावर सगळा संच मांडून ठेवला होता. पेरीनबाईंच्या पणजोबांनी फ्रान्सहून आणलेला, तेव्हाही जुनाच असलेला. फळं खायच्या ताटल्या, काटे, चमचे, लहान सुऱ्या आणि मधोमध एक मोठं भांडं. त्याच्या काठावर द्राक्षांचे घोस असे काढलेले, की निफाडचा माणूस असता तर कात्री शोधायला लागला असता. काम चांदीचं, वर सोन्याचा मुलामा. फळांच्या आंबटाने आणि अंड्याने चांदी काळी पडते, म्हणून तिकडे अशी भांडी सोन्याने मढवायची पद्धत. पण इथे सोनं धड राहिलं होतं ते फक्त अंडी खायच्या इवल्या चमच्यांवर. बाकी ताटल्या, काटे, सुऱ्या लख्ख पांढऱ्या. आणि मोठं भांडं अर्धं पिवळं, अर्धं पांढरं. रंगारी काम टाकून जेवायला गेल्यासारखं.

किंमत करायला सराफ बाजारातून शामसुंदरशेठना आणलं होतं. ते बिचारे चष्मा पुसत होते.

"सोनं गेलंय, एवढंच मी म्हटलं. कुणी नेलं असं नाही म्हटलं."

"गेलंय म्हणजे नेलंय," साहेब म्हणाले. "सोनं काय पायांनी चालत जातं?"

नवसाबाई भिंतीशी बसली होती. सुनेला बघून म्हणाली, "सविते, ग्यास बंद करून आली ना?"

"आत्याबाई, तुम्हाला ग्यासचं पडलंय!"

"ही भांडी कोण घासायचं?" साहेबांनी विचारलं.

"मीच. दुसऱ्याच्या हाताला लागू दिली नाय कधी."

सविताने तिचा हात दाबला. "आत्याबाई, गप्प बसा."

"का म्हून? चांगलं काम केलं त्ये सांगू नको? मी आले तवा ही भांडी कशी व्हती ठावं हाय का कुणाला? पिवळीजर्द! चांदीनं लय पिवळं धरलं व्हतं. म्हणलं, एवढी मोठी बाई आन भांड्याची ही कळा? दर दसऱ्याला चिंच लावायची, वर रांगोळी घ्यायची, आन घास घास घासायची. खांदं भरून यायचं. आता बघा, कशी दुधावानी निघालीत. त्ये मोठं तेवढं राह्यलं. बाई गेल्या, नायतर औंदा झालंच असतं."

 शामसुंदरशेठनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"आजी, आणि हे अंड्याचे चमचे?"

नवसाबाईने माळेला हात लावला. "मी माळकरीण. अंड्याला शिवत नाय. त्ये बाई सोताच बागेच्या नळावर साबणानं धुवायच्या. म्हून तर राह्यलेत तसेच, घाणेरडे."

"नाटक आहे सगळं," साहेब म्हणाले.

झालं. म्हातारी उठली. "नाटक? ए देवराम, चिंच आण रे. आन ओट्याखालचा रांगोळीचा डबा."

देवराम म्हणजे माळी. तो धावत गेला आणि घेऊन आला. नवसाबाईने मोठं भांडं मांडीत घेतलं, पिवळ्या आणि पांढऱ्याच्या हद्दीवर चिंचेचा कोळ फासला, वर रांगोळी चिमटीने सोडली आणि अंगठा लावला. दसऱ्यामागून दसरे घासून झिजलेला मुलामा तो, किती टिकणार? बघता बघता एका घोसातली कडेची द्राक्षं पांढरी पडली.

"अहो आजी, थांबा! थांबा!" शामसुंदरशेठ ओरडले आणि भांडं त्यांनी लेकरासारखं उचलून घेतलं. मग घासलेली जागा फडक्याने पुसली आणि ते फडकं साहेबांपुढे धरलं. फडक्यावर मळकट ओल होती, बाकी काही नाही. "घ्या. वितळवा हे आणि विका. काय निघतं ते मला दाखवा."

साहेबांचा चेहरा काय झाला ते साहेबांना माहीत.

सविता मटकन खाली बसली. तिला हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. माळी हसला, दारातले सुभेदार हसले. एकटी नवसाबाई हसली नाही.

"म्हंजी त्ये सोनं व्हतं?" तिने तोंडावर पदर धरला. "आन मी मोरीत घालवलं?"

"तुमच्या अंगठ्याने गेलं, पण यायला किती अंगठे गेले बघा," शामसुंदरशेठ म्हणाले. "सोनं पाऱ्यात कालवायचं, चांदीवर लेपायचं आणि आगीवर धरायचं. पारा वाफ होऊन उडतो, सोनं बसतं. ती वाफ छातीत जायची. माझे आजोबा देवांचे मुखवटे असे मढवायचे. म्हातारपणी चहाची बशी धरता येत नव्हती, इतके हात कापायचे. फ्रान्समध्येही तेच. भांड्याखाली कारखान्याच्या मालकाचा ठसा आहे. वाफ खाणाऱ्याचं नाव कुठे नाही."

मग त्यांनी पांढऱ्या घोसावरून बोट फिरवलं. "पण आजी, घडण जागेवर आहे. हातोडीचं काम चिंचेने जात नाही. मुलामा काय, पुन्हा देता येतो."

नवसाबाईने तो घोस निरखला. मग म्हणाली, "बाईंना कळलं व्हतं." एका दसऱ्याला पेरीनबाई ताटली हातात घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या. कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, 'नवसा, बहु सरस घासते तू. आता बस कर, तुझे हात दुखते.' "मला वाटलं, माझी कीव करतात. म्हून मी आनखी जोरात घासलं."

आता सगळेच हसले, तीही हसली.

घरी जाताना सविताने रिक्षा केली नाही. दोघी चालतच निघाल्या. वळणावर सविताने विचारलं, "आत्याबाई, माझ्या वाट्या कशातून केल्या होत्या?"

"माझ्या बुगड्या मोडल्या. का गं?" म्हातारी थांबली. सुनेकडे बघितलं. "तुला बी वाटलं व्हय?"

सविताने मान खाली घातली.

"वाटलं तर वाटलं," नवसाबाई म्हणाली. "इचारलंस तरी. चल, पाय उचल, लय भूक लागलीय."

सविताला वाटलं, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा आपण या बाईबरोबर पाय टाकतोय.

आता तुमचं, साहेब. सुनेने तोंडावर विचारलं आणि मान खाली घातली. तुम्ही काय केलंत? गाडीत बसलात, काच अर्धी खाली केलीत आणि शामसुंदरशेठना म्हणालात, "चला, गैरसमज झाला, मिटलं." त्यांना का? चोर त्यांना म्हणाला होतात? म्हणताना अख्ख्या आळीला ऐकू गेलं होतं, मग मागे घेताना आवाज कुठे गेला? नवसाबाई भगूरला राहते. घर कुणीही दाखवेल. कधी येताय, तेवढं सांगा.