मावशीची कात्री

मुलांच्या टी-शर्टांवर छातीभर अक्षरांत छापलं होतं, ‘मन मोकळं करा’. गळे मात्र इतके आवळ, की सकाळपासून प्रत्येकाचं एक बोट गळपट्टीत. छापणाऱ्यानं मापात घोळ घातला होता आणि बदलून आणायला कुणाला सवड नव्हती.

कॉलेजची ही मुलं मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेच्या मदतीला आली होती. वस्तीच्या हॉलमध्ये मेळावा होता. संस्थेत येणारी माणसं आपापलं काम मांडून बसणार, आसपासचे लोक येणार, चार शब्द बोलणार. एका टेबलावर शिवणयंत्र होतं. ज्याचं जे उसवलं असेल ते तिथं फुकट शिवून मिळणार होतं, आणि त्या यंत्रावर या मुलांमधल्याच ठिणगीची मावशी बसणार होती.

ठिणगी हे घरच्यांनी तिच्या रागीट स्वभावावरून पाडलेलं नाव. मावशीचं एके काळी शिवणाचं चालतं दुकान होतं. मग ती आजारी पडली, दवाखाना झाला, औषधं लागू पडली, ती बरी झाली. गिऱ्हाईक तेवढं परत आलं नाही. रोज समोरून जाणारी माणसं रस्ता बदलून जाऊ लागली, तशी मावशीनंही घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं. “बसून बघते एकदा,” एवढं तिच्या तोंडून वदवून घेईपर्यंत ठिणगीच्या नाकी नऊ आले होते. आज बिनसलं तर ती पुन्हा बाहेर पडायची नाही, हे ठिणगी जाणून होती.

कॉलेजात मात्र यातलं एक अक्षर तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तिथंच माशी शिंकली. मुलांचा एक म्होरक्या होता. फोटोत सगळ्यांत पुढं, म्हणून त्याला पुढारी म्हणत. आदल्या दिवशीच्या बैठकीत त्यानं अक्कल पाजळली, “संस्थेच्या मेंबरांकडच्या धारदार वस्तू दारातच काढून घ्यायच्या. उगाच रिस्क नको.” सगळ्यांनी माना डोलावल्या. अरे शहाण्या, मग शिवणाच्या टेबलावर कापड काय दातांनी तोडायचं? ठिणगीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ‘तुला का एवढं लागलं?’ असं कुणी विचारलं असतं तर? ती मूग गिळून बसली.

संस्थेच्या ताईंना विचारायचं तर कुणाला सुचलंच नाही. त्यांनीच मावशीला सांगितलं होतं, “तुमची कात्री तुम्हीच आणा, हात बसलेला असतो.” आणि आज सकाळी त्या उद्घाटनाच्या पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या.

पत्र्याचा डबा घेऊन दारात उभं राहायचं काम नेमकं ठिणगीच्या वाट्याला आलं. मावशी आली ती इस्त्रीच्या कपड्यांत, केस नीट विंचरून. ठिणगीला बघून तिचा चेहरा खुलला.

“मॅडम, पिशवी बघू जरा,” पुढारी मध्ये आला. त्यानं फडक्यात गुंडाळलेली कात्री काढली आणि मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली. “ही आमच्याकडे राहू दे, हं? तुमच्याच भल्यासाठी.”

मावशीनं ठिणगीकडे पाहिलं. ‘अरे, माझी मावशी आहे ही,’ एवढंच तर म्हणायचं होतं. ठिणगीनं मान खाली घातली. कात्री डब्यात पडली.

टेबलावर मावशीला डिंकाची बाटली आणि रंगीत कागद दिले. फुलं करा म्हणे! जिनं गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवले, तिनं बालवाडीसारखी फुलं चिकटवायची! एक बाई उसवलेली पॅंट घेऊन आली, कात्री नाही म्हटल्यावर परत गेली. मावशी शहाण्या मुलीसारखी फुलं करत बसली. ते बघून ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि निम्मा राग स्वतःवरचाच होता.

इतक्यात ताई पाहुण्यांना घेऊन आल्या. दारात एव्हाना चकचकीत प्लॅस्टिकची फीत बांधली होती. “कापायला कात्री?” पाहुण्यांनी विचारलं. पुढाऱ्यानं डब्यात हात घातला, मावशीची कात्री काढली आणि हसत तबकात ठेवली. टेबलामागं मावशी ताडकन उभी राहिली. ही कात्री कापडाशिवाय कशाला लागलेली तिला खपत नसे. लहानपणी या कात्रीनं कागद कापला म्हणून ठिणगीनं पाठीत धपाटा खाल्ला होता.

“थांबा!” ठिणगीनं कात्री उचलली. “लाज वाटते का रे? तिच्या हातात धोक्याची, आणि तुमच्या फोटोला चालते? माझी मावशी आहे ती! फीत कापायची तर दातांनी कापा!”

“हे काय चाललंय? कात्री कुणी काढून घेतली?” ताईंचा आवाज चढला.

ठिणगीनं कात्री मावशीच्या हातात दिली. आणि सगळा हॉल एक पाऊल मागं सरकला. टी-शर्टवालेही सरकले, पाहुणेही सरकले. मावशीला ते दिसलं. तिनं कात्री फडक्यात गुंडाळायला घेतली. “घरी जाते मी,” ती हळूच म्हणाली.

आता ती गेली की गेली. ठिणगी पुढं झाली, मावशीच्या अगदी पुढ्यात. तिनं बोट गळपट्टीत घातलं. “मावशी, सकाळपासून काचतोय गं गळा. काप.”

“अंगावरच?”

“अंगावरच.”

मावशीनं फडकं बाजूला ठेवलं, डाव्या हाताची दोन बोटं गळपट्टीखाली सरकवली आणि कात्रीचं थंड पातं ठिणगीच्या मानेला लागलं.

“मान वर ठेव,” मावशी म्हणाली. “मघाशी दारात घातलीस तशी खाली घालू नकोस.”

ठिणगीचे डोळे भरून आले. तिनं मान वर ठेवली, आणि मावशीनं कापायला सुरुवात केली.