कॉफीच्या आधीचा तास

दवाखान्यातल्या नर्सने, ट्रेसीने, हिल्माच्या पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला आणि दोघी त्या कागदाकडे बघत राहिल्या. कागद थरथरत होता. हिल्माने दात आवळून हात स्थिर धरायचा प्रयत्न केला, तसा तो जास्तच फडफडला. डुलुथला राहणाऱ्या बहिणीची, सिल्वीची, कित्येक आठवडे शुश्रूषा करून ती नुकतीच परतली होती.

"राहू द्या. जोर लावून नाही थांबत ते," ट्रेसी म्हणाली आणि तिने कागद उचलला. "रात्री झोप?"

"नावाला. छातीत सारखी धडधड. सिल्वीला वाटलं, तिच्या मोडलेल्या खुब्याचं मी फारच मनाला लावून घेतलंय."

"आणि थंडी? हिवाळाभर कुडकुडत होतात."

"थंडी पळाली की गं! डुलुथला खिडकी उघडी टाकून झोपत होते. सिल्वी ओरडायची."

ट्रेसी हसली नाही. ती लहानपणी हिल्मा चालवायची त्याच पिवळ्या बसमधून शाळेत गेली होती. वरच्या मिशिगनच्या त्या टापूतले निम्मे लोक गेले होते म्हणा. त्यामुळे डॉक्टर पेलेटियरांशी बोलताना जीभ टाळ्याला चिकटणाऱ्या हिल्माला ट्रेसीशी बोलणे सोपे जायचे.

"रक्ताचा रिपोर्ट आलाय," ट्रेसी म्हणाली. "थायरॉइडचं औषध फार जास्त होतंय अंगात. पानगळीच्या सुमाराला अगदी उलट होतं. जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी डोस वाढवला, पुन्हा वाढवला, तरी ढिम्म. आणि आता एकदम हे. डुलुथला वेगळं काय केलंत?"

"काही नाही. रोज सकाळी एक गोळी. एकही चुकवली नाही." हे शेवटचे वाक्य तिने जरा घाईने म्हटले. हिवाळाभर ते म्हणून म्हणून तिला स्वतःलाच खोटे वाटायला लागले होते.

"कशाबरोबर?"

"पाण्याबरोबर. सिल्वीला अल्सर, तिची कॉफी बंद. तिच्यासमोर मी एकटी कशी पिणार? तिला आंघोळ वगैरे घालून झाली की मग कोपऱ्यावर जाऊन पीत होते."

"आणि घरी?"

"घरी कॉफीबरोबर. आर्वो आणून देतो अंथरुणात. सायीची कॉफी, निसूचा तुकडा आणि बशीत गोळी."

ट्रेसीने पेन खाली ठेवले. "कॉफीबरोबर? त्याच घोटात?"

"मग? उपाशीपोटीच घेते की." हिल्माला खरेच कळेना. दोन वर्षांपूर्वी गळ्यातली ग्रंथी काढून तिला घरी पाठवताना कुणीतरी भराभर सूचना सांगितल्या होत्या. भुलीच्या गुंगीत त्यातले 'सकाळी, उपाशीपोटी' एवढेच तिच्या लक्षात राहिले. निसू म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव, तो ती गोळीनंतर खायची. आणि कॉफी हे काही खाणे नव्हे, हे तिच्या माहेरी आणि सासरी कुणी कुणाला समजावून सांगायची गरज कधी पडली नव्हती. पहिले वर्षभर ती पहाटे गोळी पाण्याबरोबर गिळून बसच्या गॅरेजवर जायची आणि कॉफी तिथे, बऱ्याच वेळाने प्यायची. तेव्हा सगळे सुरळीत होते. मग आर्वो लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाला आणि पहाटे तिच्या उशाशी कॉफी यायला लागली.

"हिल्माबाई, कॉफी ती गोळी अंगाला लागूच देत नाही. साय, दूध, ती कॅल्शियमची गोळी, सगळं तसंच. गोळी घ्यायची नुसत्या पाण्याबरोबर आणि नंतर तासभर कॉफीचं नाव काढायचं नाही. पण हे तर मी…" ट्रेसी थांबली. "हे मी आर्वोंना सांगितलंय. इथंच. पहिल्यांदा डोस वाढवला तेव्हा. तुम्ही बाहेर गाडीत बसला होतात आणि ते चिठ्ठी घ्यायला आत आले. मी म्हटलं, तासभर कॉफी नाही. तर म्हणाले, 'तासभर? फिनिश माणसाला? त्यापेक्षा फासावर द्या!' आम्ही किती हसलो त्यावर."

हिल्माने स्वेटरची बाही खाली ओढली आणि ती बटण लावायला लागली. बटण काही केल्या काजात जाईना.

"त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असेल," हिल्मा म्हणाली. "मीच विसरले असेन."

सवयीने तोंडातून गेले. पण या वेळी तिचे तिलाच ऐकू आले.

ट्रेसीने तिचा हात धरून बटण लावून दिले. "आता नीट ऐका. आपल्या मनानं काही करायचं नाही. गोळी अर्धी करायची नाही की सोडून द्यायची नाही. डॉक्टर दुपारी येतील, तेव्हा त्यांना विचारून मी फोन करते. तोवर फार धडधडलं, छातीत दुखलं, तर सरळ हॉस्पिटल. कळलं?"

"कळलं," हिल्मा म्हणाली.

बाहेर आर्वो पिकअपचे इंजिन चालू ठेवून बसला होता. एप्रिल संपत आला तरी रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढिगारे होते. ती येताना दिसताच तो खाली उतरला आणि त्याने तिच्यासाठी दार उघडले. तिच्या बाजूची सीट त्याने हीटरने गरम करून ठेवली होती. असा होता आर्वो. गावातल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याचे उदाहरण द्यायच्या.

"काय म्हणाली पोरगी?"

"डोस जास्त झालाय."

"बघ! मी म्हणतच होतो, डॉक्टर अंदाजपंचे वाढवत सुटलाय."

हिल्मा काचेबाहेर बघत राहिली. ऑक्टोबरात याच दवाखान्यात आर्वो तिच्या शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरांनी तिला विचारले होते की गोळी रोज घेता ना, आणि ती हो म्हणाली होती. मग डॉक्टरांनी आर्वोकडे बघितले. आर्वोने टोपी फिरवली आणि हळूच म्हटले, 'विसरते कधीकधी. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं.' त्याचा आवाज इतका दुःखी होता की तिला त्याचीच कीव आली. त्याच आठवड्यात तिने बसच्या किल्ल्या गॅरेजच्या साहेबाच्या, केनीच्या, टेबलावर ठेवल्या. केनी मान वर करून बघतसुद्धा नव्हता.

मग हिवाळाभर ती रोज दुपारी खुर्चीत बसून आपल्या रस्त्यावरच्या पोरांची नावे थांब्यांच्या क्रमाने म्हणत राहिली. एखादे नाव अडले की पुन्हा पहिल्या थांब्यापासून सुरुवात करायची. आईने शेवटी शेवटी तिला ओळखले नव्हते. आपणही त्याच वाटेला लागलो, हे तिने मनाशी कबूल करून टाकले होते. शनिवारी सौनात सगळ्यात वरच्या फळीवर बसूनही तिला हुडहुडी भरायची आणि आर्वो तापलेल्या दगडांवर पळीमागून पळी पाणी ओतत विचारायचा, 'आता? आता लागली का ऊब?' ओतताना त्याला माहीत होते. तिला तेवढे एकच पुन्हा पुन्हा दिसत होते, त्याच्या हातातली ती पळी.

घरी आल्यावर आर्वो सरळ कॉफीच्या भांड्याकडे वळला.

"गोळ्यांची बाटली कुठं आहे?" हिल्माने विचारले. तिने कोट काढला नव्हता.

"बाटली कशाला? डबीत आहेत की गोळ्या. तुझ्या बोटांना ते झाकण उघडत नव्हतं, म्हणून तर डबी केली."

"बाटलीवर सूचना चिकटवलेली असते म्हणे."

आर्वोने पाण्याचा नळ बंद केला. पाठ तिच्याकडेच होती.

"ट्रेसीनं तुला सांगितलं होतं, आर्वो. तुम्ही दोघं हसलात त्यावर."

"सांगितलं असेल काहीतरी. ती पोरगी बडबडी आहे, शंभर गोष्टी सांगते…"

"फासावर द्या म्हणालास."

तो येऊन खुर्चीत बसला आणि टेबलावरचा नसलेला चुरा हाताने गोळा करायला लागला.

"एवढ्याशा कॉफीनं काय होतंय, असं वाटलं मला. देवाशपथ. म्हटलं, यांचं आपलं नेहमीचं, हे खाऊ नका, ते पिऊ नका."

"आणि दुसऱ्यांदा डोस वाढवला तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, आता वाढवलाय ना, आता होईल बरी."

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर सांगायचं तरी कसं?" त्याने वर बघितले. डोळे भरले होते. "तू घरी होतीस, हिल्मा. मी गिरणीत तेव्हा तू बसवर, तू घरी तेव्हा मी पाळीवर, असं आयुष्य गेलं आपलं. सकाळी दोघं एका उशीला टेकून कॉफी पितोय, खिडकीतून बर्फ बघतोय, हे मला कधी मिळालं होतं का? तूच म्हणालीस एकदा, दिवसातलं तेवढंच एक बरं वाटतं म्हणून. ते मी कसं काढून घेऊ?"

"ते काढून घेतलं नाहीस. बाकीचं सगळं घेतलंस."

"असं नको ना बोलूस."

"आईचं नाव घेतलंस डॉक्टरसमोर. मी एकही गोळी विसरले नव्हते आणि तुला ते माहीत होतं. रोज बशीत तूच ठेवत होतास ना ती?" तिचा आवाज चढला नाही. "माझं डोकं गेलं असं वाटत होतं मला. आणि तू मला थोपटत होतास."

आर्वो तोंडावर हात ठेवून रडायला लागला. लग्नाच्या एवढ्या वर्षांत हिल्माने त्याला असे रडताना पाहिले नव्हते. दुसरा कुठलाही दिवस असता तर ती उठून त्याच्याजवळ गेली असती. आजही पाय उठायला बघत होते आणि त्याची तिला चीड येत होती.

"मला तुझ्याकडून एकच हवंय," ती म्हणाली. "ट्रेसीचा फोन येईल. तू उचलायचा. सांगायचं, हिल्मा काही विसरली नव्हती, चूक माझी होती. एवढंच सांग. ती डॉक्टरांना सांगेल, डॉक्टर केनीला पत्र देतील. सप्टेंबरात शाळा उघडतील तेव्हा मला माझी बस परत पाहिजे."

"सांगतो," आर्वो म्हणाला. त्याने नाक पुसले. "नक्की सांगतो. मग तर झालं?"

"मग पुढचं पुढं."

दुपारभर दोघे स्वयंपाकघरातच बसून राहिले. आर्वोने जेवणबिवण काही मागितले नाही, तिनेही विचारले नाही. दुपार कलायला लागली तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला. हिवाळाभर फोन तोच उचलत आला होता. तो उठला, घसा खाकरला आणि एकदा तिच्याकडे बघून त्याने मान हलवली. तिनेही हलवली. तिला वाटले, सांगेल हा. कितीही झाले तरी माझा नवरा आहे.

"हां ट्रेसी, बोल. हो, सांगितलं तिनं मला. हो ना, कॉफीचंच." तो थांबला. तिकडून ट्रेसी काहीतरी विचारत होती. आर्वोची मान हळूहळू खाली गेली. वायरीचे वेटोळे त्याने बोटाभोवती गुंडाळले, सोडले आणि पुन्हा गुंडाळले. "अगं, सांगितलं होतं मी तिला. तेव्हाच. पण आता काय सांगू तुला, हल्ली तिच्या…"

हिल्मा उठली. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. हिसकावला नाही, आणि त्यानेही धरून ठेवला नाही.

"ट्रेसी, मी हिल्मा बोलतेय."

"हां, हिल्माबाई. आर्वो आत्ताच सांगत होते…"

"ते खोडून टाक. मी सांगते ते लिही. मी एकही गोळी चुकवली नाही. सगळ्या कॉफीबरोबर घेतल्या, कारण तू ज्यांना सांगितलंस त्यांनी मला सांगितलं नाही. असंच्या असं लिही आणि डॉक्टरांना वाचून दाखव."

ट्रेसी एवढेच म्हणाली, "लिहिलं."

तिने डॉक्टरांचा निरोप सांगितला. हिल्मा एकेक गोष्ट मोठ्याने पुन्हा म्हणत गेली. उद्याची गोळी घ्यायची नाही. परवापासून नवी, कमी ताकदीची, औषधाच्या दुकानातून स्वतः आणायची. नुसते पाणी, मग तासभर काही नाही. कॅल्शियम दुपारी, चार तास सोडून. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासायचे. सगळे तिच्या एकदाच ऐकून लक्षात राहिले.

"अजून एक," ती म्हणाली. "माझ्याबद्दल कुणाला सांगायचं म्हणून माझ्या कागदावर आर्वोचं नाव आहे ना? ते काढ."

"काढते." ट्रेसीचा आवाज बारीक झाला होता. "त्या जागी कुणाचं घालू? सिल्वीबाईंचं?"

"कुणाचंच नको. मला सांगायचं."

तिने फोन जागेवर ठेवला. आर्वो भिंतीला टेकून उभा होता. त्याचे हात मोकळे लोंबत होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते.

"मग काय ठरलं?" त्याने चाचरत विचारले. "परवापासून कुठली गोळी आणायची म्हणाली? मी जाऊन आणतो, दुकान अजून उघडं असेल."

हिल्माने पिकअपच्या किल्ल्या खुंटीवरून घेतल्या. कोट तिच्या अंगातच होता.

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.