पोस्टाची खिडकी न पाहिलेला लिफाफा

मी एक जुना लिफाफा आहे. मित्रांनो, माझ्या पाठीवर हिरवी पोहोचपावती चिकटवलेली आहे. तिच्यावर सही कधी झालीच नाही.

अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहरात फरशी बसवणाऱ्या गारोच्या बायकोने, आर्पिनेने, मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केलं. माझ्या पोटात घरमालकिणीसाठी नोटीस होती: गारो तुमच्या घरी काम करतो आहे, त्याची मजुरी बुडाली तर तो या घरावर हक्क सांगेल. काम सुरू झाल्यापासून वीस दिवसांत ती पाठवायची असते. गारो ट्रकमध्ये बसत असताना मला त्याच्या हाती देत आर्पिने म्हणाली, "आजच पोस्टाच्या खिडकीवर दे. भीड भिकेची बहीण, सांगून ठेवते!" केवढा मान होता मला तेव्हा!

दुपारी वहानने, गारोला हे काम देणाऱ्या ठेकेदाराने, मला ट्रकमध्ये पाहिलं. "काय रे, नोटीस? माझ्यावर भरवसा नाही? तुझ्या पोरीचा धर्मपिता आहे मी! बाप्तिस्म्याला या हातांत धरलंय तिला."

गारो ओशाळला. "छे रे, बायकोचं खूळ," म्हणत त्याने मला ट्रकच्या पुढच्या खणात कोंबलं. आर्पिनेला मात्र सांगितलं, "पाठवली."

"पावती आली नाही अजून? फाइलमध्ये कप्पा मोकळा ठेवलाय मी," ती विचारायची.

"पोस्टाचं काय खरं असतं!"

वीस दिवस गेले. माझ्या अंगावर पिस्त्यांची टरफलं साचली. मी आतल्या आत रडत होतो.

काम संपलं. मालकिणीने सगळे पैसे वहानला चुकते केले आणि वहानने गारोची मजुरी न देताच दिवाळं काढलं.

"घाबरू नकोस," ट्रकमध्ये आर्पिने नवऱ्याला म्हणाली, "आपली नोटीस गेलेली आहे." गारोने ट्रक सुरू केला. अरे, बोल ना रे बाबा! पण लिफाफ्याचं कोण ऐकतो?

चार महिन्यांनी ट्रक विकायला काढला. त्याचे कागद शोधताना मी आर्पिनेच्या हाती लागलो.

"आता पाठवू या?" गारो पुटपुटला.

"उशिरा पाठवली तर पाठवण्याआधीच्या वीस दिवसांचंच काम धरतात. आणि मागचे वीस दिवस तू घरी बसून आहेस."

ती ओरडली नाही. घरी नेऊन तिने मला फाइलमधल्या त्या मोकळ्या कप्प्यात ठेवलं.

मित्रांनो, नोटीस म्हणजे भांडण नव्हे. कुणी विश्वासाने कागद हाती दिला, तर तो वेळेत पोचवा. नाहीच पोचवला, तर निदान खरं सांगा. मी अजून त्या कप्प्यातच आहे. आर्पिने आता गारोला काहीच विचारत नाही.