विहीणबाई, तेल सांडलंय!

बंदर अधिकारी बाई आणि तेल कंपनीचे सुरक्षा व्यवस्थापक एकमेकांचे व्याही. बाईंची मुलगी व्यवस्थापकांच्या मुलाला दिलेली. समुद्रात तेल सांडलं तर सरकारनं आणि कंपनीनं मिळून काय करायचं, याचा दोनशे बारा पानी आराखडा या दोघांनीच केला होता. तेव्हा बोलचाल होती. मग नातू चालायला लागला. त्याचं पहिलं पाऊल कुणाच्या घरी पडलं, यावरून जुंपली. बाईंकडे व्हिडिओ होता, व्यवस्थापकांकडे दोन साक्षीदार. त्याला चार महिने झाले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त पत्रानं बोलत, तेही जावक क्रमांक घालून.

संयुक्त समितीच्या बैठका तेवढ्या होत. अकरा झाल्या. इतिवृत्तावर पहिली सही कुणाची, यात नऊ गेल्या. गोदामातलं तेल अडवायचं सामान बाहेर काढून बघायला कुणाला सवडच झाली नाही.

आणि एका मंगळवारी दुपारी सव्वादोनला, जहाजातून टाकीत तेल चढत असताना, धक्क्यावरचा पाइप फाटला. पंप दोन मिनिटांत बंद झाला, पण तोवर काळा तवंग धक्क्याखालून पसरायला लागला होता. व्यवस्थापकांनी आराखडा उघडला. पान तीन : ‘पहिल्या दहा मिनिटांत बंदर अधिकाऱ्यांना फोन करावा.’

त्यांनी फोन लावला. बाईंनी नाव बघितलं आणि कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. कार्यालयाचा फोन नेहमीप्रमाणे एंगेज. शेवटी त्यांनी सुनेला गाठलं. सून दातांची डॉक्टर.

“बाबा, दाढ काढतेय. नंतर बोलू?”

“तुझ्या आईला सांग, तेल सांडलंय. लगेच!”

पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून तिनं आईला फोन लावला. “आई, बाबांकडे तेल सांडलंय.”

“मग पुसून घ्या म्हणावं. मला कशाला सांगतात?”

“आई, समुद्रात!”

बाई उठल्या त्या खुर्ची पाडूनच.

दहा मिनिटांत दोघं धक्क्यावर समोरासमोर. नमस्कार-चमत्कार करायला वेळ नव्हता. भरतीला पाऊण तास होता. भरती लागली की तेल थेट खाडीत, बायका कालवं काढतात त्या खडकांवर जाणार. खाडीच्या तोंडाशी बूम लावायचे होते. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारं, तेल अडवणारं लांबलचक कुंपण. तोंड दोनशे मीटर रुंद. सरकारचा बूम एकशेवीस मीटर, कंपनीचा एकशेवीस. जोडले की काम फत्ते.

पण सरकारच्या बूमच्या टोकाला आकडे होते आणि कंपनीच्या टोकालाही आकडेच. कडी कुठेच नव्हती.

“पान चौऱ्याऐंशी,” व्यवस्थापक चाचरत म्हणाले. “दोन्ही बूम जोडावेत, असं आहे.”

“कसे, ते आहे?”

“ते पुढच्या बैठकीत ठरणार होतं.”

भाड्यानं घेतलेल्या बोटीचे म्हातारे मालक, सगळे त्यांना बोटवाले काका म्हणत, हे ऐकत होते. “बैठक नंतर घ्या,” ते म्हणाले. “आधी दोरी आणा.”

त्यांनी दोन्ही टोकं हातभर एकावर एक घेतली आणि गोणी शिवावी तशी शिवायला घेतली. दोन्हीकडून टोकं घट्ट धरायला माणसं हवी होती. कडक इस्त्रीच्या गणवेशात बाई बोटीत उतरल्या. मागोमाग व्यवस्थापक.

“ओढा, विहीणबाई!”

“ओढतेच आहे. तुमचंच टोक ढिलं आहे.”

“माझं? तुमचं सरकारी आहे, जागचं हलत नाही!”

“तोंडं बंद, हात चालू,” काका म्हणाले.

दोघं ओढत राहिले. मग व्याह्यांनी मान वर करून काळ्या तवंगाकडे बघितलं.

“पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हो,” ते हळूच म्हणाले. “माझ्या धक्क्यावरून.”

बाईंनी पकड घट्ट केली. मग खाली बघत म्हणाल्या, “त्या पाइपची तपासणी करा, असा तुमचा कागद माझ्या टेबलावर तीन आठवडे पडलाय. तुमचं पत्र म्हणून मी सगळ्यात खाली ठेवला.”

 व्यवस्थापकांनी स्वतःची टोपी काढून उन्हात तापलेल्या बाईंच्या डोक्यावर ठेवली.

भरती लागायच्या आत बूम लागला. शिवणीखालून थोडं तेल निसटलं आणि खडकांवर बसलंच, पण बाकीचं कंपनीच्या पंपानं सरकारच्या टाकीत ओढून घेतलं. चौकशीत बाईंनी स्वतःची चूक स्वतः लिहून दिली, व्यवस्थापकांनी आपली, तपासणीआधीच पाइप वापरल्याची. दोघांनी आपापल्या साहेबांकडून बोलणी खाल्ली. आकड्यांना शोभतील अशा कड्या मागवल्या.

चार दिवस दोन्हीकडची माणसं खडक पुसत बसली. पाचव्या दिवशी दोन्ही कार्यालयांना ‘खडक स्वच्छ’ असा लेखी दाखला हवा होता, आणि खडक ओळखणारा माणूस एकच, बोटवाले काका. काकांनी ओल्या खडकावर तळवा घासला आणि पुढे केला.

“लिहायला मला येत नाही. वास घ्या.”

बाईंनी वाकून वास घेतला, मग व्यवस्थापकांनी. शेवाळ, मीठ, जराशी मासळी.

“तेल नाही,” व्यवस्थापक म्हणाले.

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि कालवं काढणाऱ्या बायकांना ‘या आता’ असं सांगायला दोघं खाडीच्या वाटेला लागले.