इजाजतनाम्यातली मोकळी जागा

"लिहिलंस?"

"लिहितेय, अब्बा. जरा सावकाश सांगा, एकच हात मोकळा आहे."

दुसऱ्या हातावर तिची सात महिन्यांची मुलगी पेंगुळली होती. अब्बा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, तोंड उजेडाकडे करून. काचबिंदूने दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर नेली होती. आता दिवस आहे की दिवा, एवढाच फरक त्यांना कळायचा. पण मजकूर पाठ होता.

"लिही. हे पुस्तक मी माझ्या उस्तादांसमोर बसून ओळ न् ओळ वाचलं. त्यांनी त्यांच्या उस्तादांसमोर. तसंच माझ्यासमोर बसून जिनं ते पुरं केलं, तिला मी आज ते शिकवायची परवानगी देतो. तिचं नाव..."

नेमकं तेव्हाच बाळ रडलं. ती कागद तसाच ठेवून आतल्या खोलीत गेली. मागून अब्बांचा आवाज आला. ते नाव सांगत होते, थांबून थांबून, बापाच्या नावासकट. तिने ऐकलं नाही. खरं म्हणजे ऐकायचं नाही म्हणून बाळाला ती जरा जोरातच थोपटत राहिली.

परत आली तेव्हा अब्बांनी विचारलं, "नाव घातलंस ना?"

"हो."

तिने त्यांचं बोट कागदाच्या खालच्या कडेला टेकवलं. अब्बांनी सही केली. वर, ओळीच्या मधोमध, दोन बोटं मावतील एवढी जागा कोरी होती.

हा इजाजतनामा अब्बांनी आयुष्यात दोनदाच दिला होता. आज तिसरा. संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजीनंतर सगळ्यांसमोर तो औषधवालीच्या हातात पडायचा होता.

औषधवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरला बसणारी. वय पस्तीसच्या आसपास, चष्मा, आवाज इतका हळू की गिऱ्हाईक दोनदा विचारतं. सहा वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी ती अब्बांकडे यायची. गिऱ्हाइकं नसताना काउंटरखाली पुस्तक धरून वाचायची आणि इथे येऊन असं काही विचारायची की अब्बा खुर्चीत पुढे सरकायचे. "वा," म्हणायचे. "परत सांग."

तो 'वा' स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. अब्बांची मुलगी भांडं जरा आपटूनच ठेवायची. तिच्याशी बोलायचे तेव्हा अब्बांचे शब्द वेगळे असायचे. थेंब घातलेस का. चप्पल कुठं गेली. आज नखं कापायची ना.

तीही शिकत होती एकेकाळी. शेवटचा धडा तिला अजून पाठ होता, अधांतरी माणसाचा. समज, अब्बा म्हणाले होते, एक माणूस आत्ता या क्षणी निर्माण झाला. डोळे झाकलेले, हातपाय पसरलेले, एकमेकांना न लागणारे. खाली जमीन नाही, अंगाला वारा नाही. दिसत नाही, ऐकू येत नाही. मग 'मी आहे' हे त्याला कळेल का? विचार कर आणि पुढच्या गुरुवारी सांग. अठरा वर्षांची ती आठवडाभर त्या माणसाला डोक्यात घेऊन फिरली. तो गुरुवार आला नाही. आईने अंथरूण धरलं, मग आई गेली, घरात मिळवतं कुणीतरी हवं म्हणून तिने नर्सिंगला नाव घातलं. पुस्तक मिटलं ते मिटलंच.

पुढे तिला नवजात बाळांच्या वॉर्डात टाकलं आणि तिथे तो माणूस तिला भेटला. काविळीची बाळं निळ्या दिव्याखाली ठेवतात. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, हातपाय पसरलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दिव्याशी उभीच राहिली. घरी येऊन थेंब घालता घालता अब्बांना म्हणाली, "त्याला कळतं, अब्बा. बोट दिलं की मूठ आवळतात, ते सोडा. पण बोट द्यायच्या आधीसुद्धा तोंडावर काहीतरी असतं. आत कुणीतरी असल्यासारखं."

अब्बा "हं" म्हणाले होते. डोळ्यांत औषध होतं, डोळे मिटलेले होते. बारा वर्षांत दिलेलं तिचं ते एकुलतं एक उत्तर, आणि त्यावर "हं".

आता तो कोरा तुकडा स्वयंपाकघरातल्या डब्यावर पालथ्या ठेवलेल्या कागदात तिची वाट बघत होता. आपलंच नाव घातलं तर? अब्बांना दिसणार नाही. पुस्तक तिलाही काही शिकून, काही भिंतीआडून ऐकून निम्मं पाठ होतं. मग स्वतःचीच लाज वाटली. मग लाज वाटली याचाही राग आला.

पाच वाजता मंडळी जमली. टेलरमास्तर, दोन निवृत्त कारकून, आणि दाराजवळच्या तिच्या नेहमीच्या जागेवर औषधवाली. इतकी वर्षं गुरुवारी संध्याकाळी अब्बांची मुलगी स्वतः ड्यूटीवर असायची. बाळ झाल्यावर सकाळची पाळी मिळाली, तेव्हापासून हा वर्ग तिला भांडी घासता घासता ऐकावा लागत होता. नवरा बोटीवर, इंजिनाकडे, सहा सहा महिने बाहेर. तक्रार करायलाही घरात दुसरं माणूस नव्हतं.

बाहेर टेलरमास्तर म्हणत होते, "उस्ताद, तो हेव्याचा इलाज परत सांगा. सहा महिन्यांपूर्वी सांगितलेला. मला काही लागू पडला नाही."

"घेतला होतास का?"

"नाही."

सगळे हसले. अब्बाही.

"हेवा मनातून उपटून निघत नाही," अब्बा म्हणाले. "मन कुणाचं ऐकत नाही. हात ऐकतो. म्हणून जुन्या लोकांनी इलाज हातापासून धरला. ज्याचा हेवा वाटतो त्याला काहीतरी नेऊन दे. चार माणसांत त्याचं चांगलं बोल. नमाजीनंतर त्याच्यासाठी दुआ माग. करताना खोटं वाटतं. वाटू दे. हात करत राहिला की कधीतरी मन मागून येतं."

"म्हणजे माझ्या समोरच्या टेलरला मीच गिऱ्हाईक पाठवू?"

"एक पाठव. एकदम दोन नको, झेपणार नाही तुला."

आत ती दुपट्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले. तिने हळूच खालचा खण ओढला. बाळाचं टोपडं. नखं कापायची छोटी कात्री. पोटदुखीचं औषध. अजून पाकिटातच असलेले मोजे. दर गुरुवारी आत येऊन, ओट्याच्या कडेला ठेवून, "आपा, हे राहू द्या," म्हणून निघून जायची औषधवाली. अब्बांची लेक हे सगळं मस्का समजत होती. उस्तादांच्या लेकीला खूश ठेवायचं, दुसरं काय. बरेचसे मोजे तर तिने वॉर्डात वाटून टाकले होते.

मगरिबची अजान झाली. मंडळी वजूसाठी, हातपाय धुवायला अंगणातल्या नळाकडे गेली. औषधवाली आत आली आणि ओट्यावर पिवळ्या मोज्यांचं पाकीट ठेवलं.

"आपा, हे..."

"कधीपासून आणताय?"

औषधवालीने चष्मा सारखा केला. "सहा महिने झाले असतील."

"तो इलाज सांगितला तेव्हापासून."

औषधवालीने पाकीट ओट्याच्या कडेला सरळ लावलं. बाहेर नळाचं पाणी पडत होतं.

"माझा कसला हेवा?" तिने विचारलं. आवाज तिला हवा होता त्याहून चढला. "ड्यूटी, धुणी, थेंब. तुम्हाला 'वा' म्हणतात ते."

"मला 'वा' म्हणतात," औषधवाली म्हणाली. "आणि उदाहरण तुमचं देतात. अधांतरी माणूस आला की पुस्तक बाजूला ठेवतात. 'माझी मुलगी रोज त्याला हातात घेते, ती सांगते तसं ऐका,' म्हणतात. त्यावर आजवर मला एक प्रश्न सुचलेला नाही."

दुपटं तिच्या हातातून खाली सरकलं. तिने ते उचललं नाही.

"आणि ते," औषधवाली पुढे म्हणाली, "खुर्चीतून उठले की कोपर शोधतात तुमचं. मागच्या महिन्यात दाराच्या चौकटीला कपाळ लागलं त्यांचं. मी हातभर अंतरावर होते. परपुरुषाला हात लावायचा नाही, त्यांनीच शिकवलेलं. मी नुसतं 'उस्ताद, चौकट' म्हटलं. उशीर झाला होता."

"मोजे मी वॉर्डात देते," ती एकदम म्हणाली.

"माहितीय. तुमच्या वॉर्डातली आया आमच्याकडूनच औषधं नेते."

"मग तरी आणता?"

"घेणाऱ्यानं काय करायचं, ते इलाजात नाही सांगितलेलं."

तिला हसू आलं. बाळ झोळीत चुळबुळलं. बाहेरून अब्बांची हाक आली. खुर्चीचे पाय सरकले. ते उठले होते आणि उजवा हात हवेत चाचपडत होता, नेहमीप्रमाणे.

ती दारापर्यंत गेली. मग वळली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा. वडिलांच्या नावासकट."

"कशाला?"

"लागतं."

औषधवालीने सांगितलं. बापाचं नाव तिने आणखी हळू घेतलं. "त्यांना पाहिलेलं नाही मी," ती म्हणाली. "नावच आहे फक्त."

"अब्बांना नळाकडे न्या. बाळ उठतंय माझं."

"मी? आपा, मी कशी..."

कोपऱ्यात अब्बांची काठी होती. घरात ते ती कधी वापरत नसत. मुलीचं कोपर होतं ना. तिने काठी उचलून औषधवालीच्या हातात दिली. "एक टोक तुम्ही धरा, एक त्यांना द्या. लाकडाला कुणी परकं नाही."

मग ती डब्यापाशी आली, कागद उलटला, लेखणी शाईत बुडवली. वॉर्डात बाळांच्या पाळण्याला कार्ड लावतात, त्या अक्षरात तिने लिहिलं. सरळ, सुटं, कुणालाही लांबून वाचता येईल असं. आधी औषधवालीचं नाव. मग ती कुणाची मुलगी, ते. जागा बरोबर पुरली.

बाहेर अब्बांनी काठीचं टोक धरलं होतं आणि ते थबकले होते.

"पुढं कोण आहे?"

"मी, उस्ताद."

"पोरगी कुठंय?"

"आत आहेत."

अब्बांनी तोंड स्वयंपाकघराकडे वळवलं. बराच वेळ तसेच उभे राहिले, काही ऐकू येतंय का बघत असल्यासारखे. ती दारात कागद धरून उभी होती. तिने पाऊल वाजवलं नाही.

"बरं," अब्बा म्हणाले. "चल."

"तीन पायऱ्या आहेत, उस्ताद."

"माहीत आहेत," अब्बा म्हणाले. "पण तू सांग."

एक, औषधवाली म्हणाली. दोन. काठी दोघांच्या मधे आडवी, ताणलेली. अब्बा एकेक पायरी उतरत होते.

शाई ओली होती म्हणून तिने कागद डाव्या हातात अलगद धरला होता. उजवं कोपर मात्र अंगापासून थोडं सुटं, वाकवलेलं, अब्बांचा हात बसतो तेवढी जागा ठेवून तसंच राहिलं होतं. बाळ रडायला लागलं तेव्हा कुठे तिने ते सरळ केलं.