फुगणारा रंग

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझा नवरा हेरंब पेटला, आणि तसाच राहिला. त्याला भाजत नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत बारीक पिवळी ज्योत आणि आत तो, चष्म्यासकट. फक्त तो ज्याला हात लावी ते जळून जाई. सोफा गेला, पडदे गेले.

"मी गच्चीवर राहायला जातो," तो म्हणाला.

"काही नको. मी बघते."

ते माझंच काम होतं. नाशिकला उंच इमारतींच्या लोखंडी खांबांना मी आगीपासून वाचवणारा रंग लावून घेत असे. आच लागली की हा रंग पावासारखा फुगतो आणि आतलं लोखंड सांभाळतो. साहेबांना विचारून मी उरलेले डबे स्कूटरवरून घरी आणले. भिंती, छत, पलंग, सगळं रंगवलं. हेरंब बाल्कनीतून कुठे राहिलंय ते दाखवत होता.

रंगानं काम चोख केलं. हेरंब आत आला आणि भिंती फुगू लागल्या. आधी स्वयंपाकघर बुजलं, मग बाल्कनी.

"अगं नलू, तुमचं घर लहान झालंय का?" खालच्या डहाळेकाकूंनी विचारलं.

"थोडं. पण जळलं नाही."

हेरंबनं मोठ्यानं श्वास घेतला तरी भिंत बोटभर पुढे यायची. मी लांब बसून त्याला पेपर वाचून दाखवायची, मुद्दाम कंटाळवाण्या बातम्या. एकदा पालिकेच्या कचेरीत शिरलेल्या गाढवाची बातमी वाचली. तो इतका हसला की आमचं कपाट भिंतीत गेलं.

शेवटी पलंगापुरती जागा उरली. दार फुगून बसलं. बाहेरून काकू ओरडल्या, "नलू, भिंत फोडायला माणसं आणलीत!"

"नको, काकू! वारा आत आला तर हा भडकेल."

"अगं, पण तू?"

हेरंब कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. "डब्यात रंग उरलाय ना? अंगाला लाव."

"लावला तर मीही फुगेन. मग तुझ्यापर्यंत पोचायची कशी?"

कितीतरी दिवसांनी मी त्याला इतक्या जवळून पाहत होते. ज्योतीच्या आत त्याची दाढी वाढली होती, हनुवटीपाशी थोडी पांढरी.

भिंत माझ्या पाठीला टेकली. मऊ होती, उबदार. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि बाह्या वर सारल्या. हेरंबनं चष्मा काढला.